मालिका कागदावर वाचावी की पडद्यावर?



विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत दोन्ही पाय टेकायला जागा मिळाली तरी नशीब समजावे. अशा गर्दीत एक मुलगा दाराशेजारच्या कोपऱ्यात उभा राहून मोबाईलवर काहीतरी वाचत असलेला मला रोज दिसे. चित्रफीत नव्हे, खेळ नव्हे, तर चक्क मजकूर! माझे घर नालासोपाऱ्याला आणि शिकवतो अंधेरीकडे, त्यामुळे हे दृश्य मी बरेच दिवस पाहत होतो. अखेर एकदा न राहवून विचारले. मुलगा अकरावी विज्ञान शाखेतला होता आणि आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेच्या चौथ्या भागापर्यंत पोहोचला होता.

"सर, सातही भाग यातच आहेत," मोबाईल वर धरून तो म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने विचारले, "पण सर, असं वाचलेलं खरं वाचन असतं का? बाबा म्हणतात, पुस्तक हातात धरून वाचलं तरच ते वाचन."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बोरिवली आले आणि गर्दीबरोबर तो उतरून गेला. त्याला द्यायचे उत्तर आज येथे लिहीत आहे. (सातही भाग त्याने विकत घेतले होते की कोणा मित्राकडून 'आले' होते, हे मी मुद्दामच विचारले नाही. तुम्हाला मात्र सांगून ठेवतो. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क टिकतो. असिमोव्ह १९९२ मध्ये वारले, म्हणजे २०५२ संपेपर्यंत ही पुस्तके फुकट वाटण्याजोगी नाहीत.)

प्रथम हा प्रकार काय आहे तो पाहू. अमेरिकेत रेडिओवर साबणाच्या कंपन्या रडक्या कौटुंबिक मालिका चालवीत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' म्हणू लागले. त्याच धर्तीवर १९४१ मध्ये विल्सन टकर या लेखकाने अवकाशयानांच्या घिशापिट्या गोष्टींना 'स्पेस ऑपेरा' असे नाव ठेवले. ती शिवीच होती. पुढे तीच बिरुदावली झाली. एक आकाशगंगा, अनेक साम्राज्ये, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी कथा आणि भागामागून भाग, असे तिचे रूप असते. तुमच्या आजोबा-वडिलांना हा प्रकार मराठीतूनही भेटला आहे. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये वेताळ आणि मॅन्ड्रेक यांच्या जोडीला अवकाशवीर फ्लॅश गॉर्डन असे, आणि या कॉमिक्सच्या मराठी आवृत्त्याही निघत. मूळ गॉर्डन १९३४ चा. आपली मराठी विज्ञानकथा मात्र मुख्यतः लघुकथा आणि सुट्या कादंबऱ्या यांच्या रूपाने वाढली. त्यामुळे लांबलचक अंतराळमालिका वाचायची म्हटले, की आपल्या मुलांना इंग्रजीकडे वळावे लागते.

'फाउंडेशन'चा जन्मही १९४१ चाच, आणि तोही गाडीत! १ ऑगस्ट रोजी असिमोव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने संपादक जॉन कॅम्बेल यांच्याकडे निघाले होते. कथेची कल्पना सुचत नव्हती. हातात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांचे पुस्तक होते. ते त्यांनी सहज मध्येच उघडले तो एका सैनिकाचे चित्र दिसले. सैनिकावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य, साम्राज्यावरून रोमचा ऱ्हास आणि त्यावरून आकाशगंगेच्या साम्राज्याचा ऱ्हास, असे विचारांचे डबे एकामागून एक जोडले गेले. १९५१, १९५२ आणि १९५३ मध्ये पहिली तीन पुस्तके निघाली. मग जवळजवळ तीस वर्षांच्या खंडानंतर १९८२ आणि १९८६ मध्ये पुढचे दोन भाग, तर १९८८ आणि १९९३ मध्ये कथेच्या आधीचा काळ सांगणारे दोन भाग आले.

सात भाग म्हणजे काहीच नव्हे म्हणा. जर्मनीत 'पेरी ऱ्होडान' नावाची मालिका ८ सप्टेंबर १९६१ पासून दर आठवड्याला एक अंक याप्रमाणे निघते आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत तिचा ३०००वा अंक निघाला. रोज एक अंक वाचला तरी एवढे वाचायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल.

आता थोडे गणित करू या. एक अंक ६४ पृष्ठांचा, म्हणजे ३२ पानांचा धरा. एका पानाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, तर एक अंक ३.२ मिलिमीटर जाड झाला. ३००० अंक एकावर एक रचले तर ९.६ मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी चळत होते! एका अंकाचे वजन ६० ग्रॅम धरले तर एकूण १८० किलोग्रॅम भरते. आता हाच मजकूर संगणकाच्या भाषेत पाहा. एका अंकात दोन लाख अक्षरे धरली आणि रोमन अक्षराला एक बाइट लागतो हे लक्षात घेतले, तर ३००० अंक ६० कोटी बाइटांत बसतात. नखाएवढ्या स्मृतिपट्टीच्या एका कोपऱ्यात ते मावतील. (हीच मालिका मराठीत असती तर जागा जवळजवळ तिप्पट लागली असती. आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना आणि वेलांटी ही वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे 'की' हे एवढेसे अक्षर सहा बाइटांचे!)

मग पुस्तके भरली की वाचनयंत्राचे वजन वाढते का? हा प्रश्न २०११ मध्ये बर्कले येथील प्राध्यापक जॉन कुबियाटोविच यांना विचारण्यात आला होता. स्मृतीत माहिती साठवताना इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत नाही, त्यांची ऊर्जा थोडी वाढते. ऊर्जा वाढली की आइनस्टाइनच्या समीकरणानुसार वस्तुमान वाढलेच पाहिजे. त्यांचा अंदाज असा, की चार गिगाबाइटचे यंत्र काठोकाठ भरले तर वजन सुमारे १०⁻¹⁸ ग्रॅमने वाढेल. एका ग्रॅमचे अब्ज भाग करा आणि त्यातल्या एकाचे पुन्हा अब्ज भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे तुमचे सारे ग्रंथालय.

येथे एक फरक ध्यानात घ्या. मोबाईल वेगळा आणि ई-पुस्तकासाठी बनवलेले वाचनयंत्र वेगळे. मोबाईलचा पडदा स्वतःचा प्रकाश आपल्या डोळ्यांत सोडतो. वाचनयंत्रात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत पारदर्शक तेल आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोन्हींवरचा विद्युतभार परस्परविरुद्ध असतो. विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की कधी पांढरे कण वर येतात, कधी काळे. आणि गंमत अशी, की एकदा वर आलेले कण वीज बंद केली तरी तेथेच राहतात. पान पालटतानाच काय ती वीज खर्च होते. आपण ते पान बाहेरच्या उजेडात वाचतो, अगदी कागदासारखे. कागदही स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे प्रकाशाचे सर्व दिशांना विकिरण होते, म्हणून तो पांढरा दिसतो. भर दुपारी वर्तमानपत्र आणि मोबाईल घेऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहा, कोण हरते ते लगेच कळेल.

डोळ्यांचे झाले, डोक्याचे काय? नॉर्वेच्या अ‍ॅन मांगेन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५० वाचकांपैकी निम्म्यांनी २८ पृष्ठांची एक रहस्यकथा छापील पुस्तकात वाचली आणि निम्म्यांनी वाचनयंत्रावर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखेच ठरले. फरक पडला तो घटनाक्रमात. आधी काय घडले आणि नंतर काय, हे कागदावर वाचणाऱ्यांना अधिक नीट सांगता आले. डाव्या हातातली पाने वाढत जातात, उजव्या हातातली कमी होतात. बोटांनाच कळते की कथा कोठवर आली. प्रयोग लहान आहे. त्यावरून सात खंडांबद्दल निष्कर्ष काढू नये, पण ज्या मालिकेत हजार वर्षांचा इतिहास उलटसुलट सांगितलेला असतो तिच्या वाचकाने हा निष्कर्ष ध्यानात ठेवलेला बरा. मी स्वतः अशा मालिका वाचताना शेजारी वही ठेवतो आणि सनावळी लिहितो. वही असली की पडदा आणि कागद यांत मला तरी फरक जाणवला नाही.

म्हणून त्या मुलाच्या बाबांचे मत मला मान्य नाही. मोबाईलवर वाचलेली कादंबरीही कादंबरीच असते. उलट माझी खरी असूया सांगू? सातही भाग एका हातात! मी शाळेत असताना फाउंटनच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मला 'फाउंडेशन'चा पहिला आणि तिसरा भाग मिळाला. दुसरा नव्हता. तिसऱ्या भागाची सुरुवातच 'म्यूल' नावाच्या एका इसमाच्या शोधमोहिमेने होते. सगळे जग त्याला घाबरते. हा कोण, कोठून आला, मला पत्ता नाही! शब्दकोशात पाहिले तर अर्थ निघाला 'खेचर'. दुसरा भाग हाती लागायला मी एम. एस्सी. ला जाईपर्यंत वाट पाहावी लागली. मालिकेच्या बाबतीत मधला भाग नसणे म्हणजे पुलाची मधली कमान नसणे. ई-पुस्तकाने ही अडचण जवळपास संपवली, आणि हा उपकार लहान नाही. वसई-विरारच्या मुलाला आता फाउंटन गाठावे लागत नाही.

पण वाचून होणे वेगळे आणि टिकून राहणे वेगळे. या बाबतीत कागद कच्चा आहे हे मी अनुभवाने शिकलो. जुलै २०१८ मध्ये आमच्या वसई-नालासोपारा पट्ट्यात रुळांवर पाणी चढले, गाड्या बंद पडल्या आणि तळमजल्यावरच्या आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. कपाटाचा खालचा खण बुडाला. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात, खण गच्च भरलेला असेल तर पुस्तके एकमेकांत अशी रुततात की ओढून निघत नाहीत. पानापानांत वर्तमानपत्र घालून पंख्याखाली वाळवली, पण दोन दिवस वीजच नव्हती आणि तोवर बुरशीने आपले काम केले. 'फाउंडेशन'चा पहिला आणि तिसरा भाग टाकून द्यावा लागला. वाचला तो दुसरा! त्या दोन दिवसांत वाचनयंत्र मात्र बिनतक्रार चालू होते.

तर मग जिंकले ई-पुस्तक? थांबा. आमच्या सोपाऱ्यातच एक फार जुनी मालिका आहे, तिच्याकडे पाहू या.

सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपली आज्ञापत्रे खडकांवर कोरवली. मोठ्या शिलालेखांची ही मालिका चौदा लेखांची आहे. सोपारा तेव्हा मोठे बंदर होते, म्हणून ती येथेही कोरली गेली. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात आठव्या लेखाचा एक तुकडा मिळाला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. चौदापैकी दोन, आणि तेही तुकडे! माझ्या कपाटापेक्षा वाईट अवस्था. आणि माध्यम कोणते? कसर लागत नाही, वाळवी लागत नाही असा काळा दगड.

तरीही त्या चौदा लेखांत काय लिहिले आहे हे आज आपल्याला ठाऊक आहे. कसे? कारण हीच मालिका गुजरातमध्ये गिरनारला आहे, उत्तराखंडात कालसीला आहे, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाझगढीलाही आहे, आणि तेथे तर ती वेगळ्याच, खरोष्ठी लिपीत आहे. सोपाऱ्याची प्रत फुटली, गिरनारची राहिली. दगड टणक होता म्हणून मजकूर वाचला असे नव्हे, प्रती अनेक होत्या आणि त्या एकमेकींपासून दूर होत्या म्हणून वाचला.

दुसरी गोष्ट अशी, की हे लेख शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाला वाचता येत नव्हते. ब्राह्मी लिपीची किल्ली जेम्स प्रिन्सेप यांना १८३७ मध्ये सापडली. सोपाऱ्याचा तुकडा त्यानंतर ४५ वर्षांनी मिळाला, म्हणून तो ओळखता तरी आला. तुम्ही म्हणाल, हे दोन हजार वर्षांपूर्वीचे झाले. माझ्याजवळ माझीच एक तबकडी आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी मराठीत टंकलेली भौतिकशास्त्राची टिपणे तीत आहेत. त्या काळी मराठी फाँट प्रत्येक कंपनीचा निराळा आणि त्यांचे संकेतही निराळे. तो फाँट आता माझ्याकडे नाही. धारिका उघडते, पण पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा खच दिसतो. बाइट एकही हरवलेला नाही, किल्ली हरवली आहे. आज युनिकोडमुळे हा घोळ बराच मिटला आहे, पण त्या दहा-पंधरा वर्षांत टंकलेले बरेच मराठी लिखाण अशाच अवस्थेत पडून असेल.

आणि ई-पुस्तकाला आणखी एक कुलूप असते. पैसे भरून आपण जे घेतो ते बहुधा पुस्तक नसते, वाचण्याची परवानगी असते. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४' हे पुस्तक ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतले. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे, पैसेही परत दिले आणि पुढे कंपनीने माफीही मागितली. पण घरातल्या कपाटातून पुस्तक रात्रीत नाहीसे व्हावे, तसे ते झाले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर मिळाले. समासातल्या टिपणाची किंमत २५ डॉलर कशी ठरवली, हे एकदा त्यांच्या हिशेबनिसाला विचारायला हवे! सगळेच प्रकाशक असे नाहीत. अमेरिकेतल्या टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनसंस्थेने २०१२ पासून आपली ई-पुस्तके कुलुपाविना विकायला सुरुवात केली. आपल्याकडे ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके विनामूल्य देते. अशी धारिका आपण जपून ठेवू शकतो. घरच्या संगणकावर एक आणि मावशीच्या घरी एक ठेवली की आपले छोटे गिरनार झाले.

हे सगळे मी एवढ्या पोटतिडकीने लिहितो आहे त्याला कारण आहे. आमच्या भागातल्या एका शाळेने गेल्या उन्हाळ्यात मला सल्ल्यासाठी बोलावले होते. शाळेला ग्रंथालयाची खोली संगणककक्षासाठी हवी होती. योजना अशी, की चार कपाटे पुस्तके रद्दीत द्यावी, त्या पैशांत थोडी भर घालून टॅब्लेट आणावेत आणि वर्षाच्या वर्गणीने हजारो ई-पुस्तके मुलांना खुली करावीत. विज्ञानाचा माणूस म्हणून मी हो म्हणेन अशी त्यांची अपेक्षा असावी.

मी टॅब्लेटला हो म्हटले. हजार पुस्तके मुलांपुढे उघडत असतील तर त्याला आडवे येणारा मी कोण? पण रद्दीला नाही म्हटले. वर्गणी थांबली की त्या हजार पुस्तकांचे काय होईल, हा प्रश्न मी तीनदा विचारला आणि तीनदा चहा आला. मग आम्ही कपाटे उघडून बसलो. फाटलेली मार्गदर्शके आणि जुने प्रश्नसंच बाजूला काढले, त्यांना कोणी रडणार नव्हते. तळाशी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न निघाला. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'ची एक आणि 'प्रेषित'ची दोन पुस्तके निघाली. 'प्रेषित'च्या एका प्रतीच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकावर एक इतके उमटले होते की शेवटची तारीख लागेना. मुख्याध्यापिकाबाई ती चिठ्ठी बराच वेळ पाहत राहिल्या.

चारपैकी दोन कपाटे राहिली. संगणककक्षातच, भिंतीला लावून, जमिनीपासून हातभर उंच चौथऱ्यावर. ती उंची मी सुचवली, कारण तुम्हाला ठाऊकच आहे. टॅब्लेटही आले आहेत. ग्रंथपालबाईंनी एक वही घातली आहे, तीत कोणत्या मालिकेचा कोणता भाग नाही ते लिहिलेले असते, आणि जुन्या विद्यार्थ्यांना ती दाखवली जाते. पहिल्या पानावर सतरा नोंदी होत्या. मी पाहिले तेव्हा त्यातल्या चार खोडल्या होत्या.

गाडीतला तो मुलगा मला नंतर दिसला नाही, बहुधा त्याची वेळ बदलली असावी. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याला एवढेच कळवतो, की भुईगावला सापडलेला तो तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, चर्चगेटहून चालत जाता येते. आणि 'फाउंडेशन'चा दुसरा भाग माझ्याकडे आहे. तो फुगला आहे, पुठ्ठ्याला बाक आला आहे, पण पान एकही गेलेले नाही. कागदावर वाचून पाहायचा असेल तर त्याने तो खुशाल घेऊन जावा. परत मात्र आणून द्यावा, माझ्याजवळ तेवढा एकच भाग उरला आहे.